म्युलर, व्हॅन बास्टेन, रोनाल्डो, ऑन्री: अव्वल स्ट्रायकर कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा सोळा वर्षांचा, क्लबकडून स्ट्रायकर खेळतो आणि घरात रोज वाद. वडील ब्राझीलच्या रोनाल्डोचे, काका व्हॅन बास्टेनचे, मुलाला थिएरी ऑन्री आवडतो. त्यात कुणीतरी गेर्ड म्युलरचे आकडे दाखवून सगळ्यांना गप्प केलं. तर या चौघांत अव्वल कोण, आणि मुलाने कुणाचा खेळ बघून शिकावं?

मी कोल्हापुरात पोरांना फुटबॉल शिकवतो. त्याआधी स्वतः पुढेच खेळायचो, त्यामुळे या विषयावर माझी मतं ठाम आहेत आणि काही जणांना ती पटणार नाहीत.

सुरुवात आकड्यांपासून करतो, कारण वाद तिथेच अडकतो. म्युलरने जर्मनीच्या बुंडेसलिगामध्ये ४२७ सामन्यांत ३६५ गोल केले. पश्चिम जर्मनीकडून ६२ सामन्यांत ६८. म्हणजे देशाकडून खेळताना सामन्यांपेक्षा गोल जास्त. रोनाल्डोचे ब्राझीलकडून ९८ सामन्यांत ६२. ऑन्रीचे फ्रान्सकडून ५१. व्हॅन बास्टेन या यादीत बराच मागे पडतो, कारण तो शेवटचा सामना खेळला तेव्हा तिशीसुद्धा गाठली नव्हती. नुसत्या आकड्यांवर निकाल लावायचा तर प्रश्न इथेच संपतो, म्युलर जिंकला. पण मग रोनाल्डोचं नाव काढल्यावर जुने बचावपटू जे बोलतात, ते म्युलरबद्दल का बोलत नाहीत?

माझी पद्धत वेगळी आहे. स्ट्रायकर बघताना मी आधी त्याच्यासमोरच्या स्टॉपरकडे, म्हणजे मधल्या बचावपटूकडे बघतो. हा स्ट्रायकर समोर असताना त्या स्टॉपरला नेमकं कसलं टेन्शन येतं? तो मागे सरकतो, अंगावर येतो, की गोंधळून जागेवर उभा राहतो? प्रत्येक मोठ्या स्ट्रायकरने बचावाला एक वेगळं कोडं घातलेलं असतं. आणि वारसा म्हणजे काय, तर ते कोडं सोडवायला बाकीच्यांना आपला खेळ किती बदलावा लागला. गोल किती, हे मी त्यानंतर बघतो.

पेले, मॅराडोना, मेस्सी, ख्रिस्तियानो यांना मी या तुलनेत धरत नाही. पहिले दोघे स्ट्रायकरच्या मागून खेळायचे, शेवटच्या दोघांची जडणघडण विंगवर झाली. मेस्सीचा उल्लेख पुढे येईल, पण वेगळ्या कारणाने.

आता म्युलर. १९६४ मध्ये तो बायर्न म्युनिकमध्ये आला तेव्हा बायर्न दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये होती. बुंडेसलिगा आदल्या वर्षी सुरू झाली होती आणि तिच्यात बायर्नला जागाच मिळाली नव्हती. प्रशिक्षक चायकोव्स्की त्याला ‘छोटा जाड्या म्युलर’ म्हणायचे. मांड्या भरलेल्या, पाय आखूड, पळण्यात डौल नाही. असा पोरगा आमच्याकडे निवड चाचणीला आला तर दहातले आठ जण त्याला बॅकला उभा करतील.

त्याचा कस कळायला एकच गोल पुरे आहे. ७ जुलै १९७४, म्युनिक, विश्वचषकाची फायनल. समोर क्रायफची हॉलंड, त्या स्पर्धेतला सगळ्यात देखणा संघ. जर्मनीच्या एकाही खेळाडूचा पाय चेंडूला लागायच्या आत हॉलंडने पेनल्टी मिळवून गोल केला होता. पुढे ब्राइटनरने पेनल्टीवरच बरोबरी केली. ४३ व्या मिनिटाला बॉनहॉफ उजवीकडून घुसला आणि त्याने चेंडू मागे कापून दिला. म्युलर पळत होता गोलकडे, आणि चेंडू आला त्याच्या मागे. टच बिघडला, चेंडू आणखी मागे गेला. शंभरातले नव्व्याण्णव स्ट्रायकर इथे हात वर करून पास देणाऱ्याकडे बघतात. म्युलर त्याच पावलावर थांबला, कंबरेतून वळला आणि समोर बचावपटू असताना उजव्या पायाने एक बारीक, जमिनीलगतचा फटका मारला. फार जोरही नव्हता त्यात. किपर योंगब्लूडला झेप घ्यायलाही वेळ मिळाला नाही. २-१. सामना तिथेच ठरला आणि देशाकडून म्युलरचा तो शेवटचा सामना ठरला.

हा गोल मी पोरांना हळू करून दाखवतो तेव्हा फटका दाखवतच नाही, त्याचे नितंब दाखवतो. तालमीत वाढलेल्या कुणालाही ते पटकन कळतं. पैलवान जसा अंग खाली ठेवून एका पायावर फिरतो आणि समोरच्याचा तोल गेलेला असतो तेव्हाच पट काढतो, तसं म्युलरचं होतं. त्याचं वजन खाली होतं, त्यामुळे इतरांना दोन पावलं लागत तिथे त्याला एक लागायचं. पेनल्टी बॉक्समध्ये त्या एका पावलावर सगळा हिशेब असतो.

आमच्या शाहू स्टेडियमवर प्रेक्षकांना ड्रिब्लिंग आवडतं. दोघा-तिघांना चकवणाऱ्याला टाळ्या, आणि गोलसमोर उभं राहून चेंडू आत ढकलणाऱ्याला ‘आयत्या पिठावर रेघोट्या’ असा टोमणा. म्युलरवरही आयुष्यभर हाच आरोप झाला, सभ्य भाषेत. पण चेंडू नेहमी त्याच्याचजवळ कसा पडायचा? एकदा पडला तर नशीब म्हणा. १९७० च्या विश्वचषकात १० वेळा पडला, त्यात इंग्लंडविरुद्धचा जादा वेळेतला विजयी गोल आणि इटलीविरुद्धच्या सेमीफायनलमधले जादा वेळेतले दोन. १९७२ च्या युरोपियन फायनलमध्ये पुन्हा दोन. १९७१-७२ च्या एकाच बुंडेसलिगा हंगामात ४०.

बचावासाठी त्याचं कोडं असं होतं की मार्किंग करायला तो काही करतच नसे. स्टॉपर ज्याच्यामागे पळतो, त्याला पकडता येतं. म्युलर ऐंशी मिनिटं इकडेतिकडे चालल्यासारखा करायचा. मग क्रॉस येण्याच्या क्षणी स्टॉपरची नजर चेंडूवर गेली, की हा त्याच्या पाठीमागच्या दीड फूट जागेत. स्टॉपरने एकाच वेळी चेंडूही बघायचा आणि माणूसही, हे माणसाच्या मानेला जमत नाही. म्युलर त्याच्यावरच जगला.

त्याचा वारसा मैदानापेक्षा म्युनिक शहरात जास्त दिसतो. बायर्नने १९७४, ७५, ७६ अशी सलग तीन वर्षं युरोपियन कप जिंकला. म्युलरचे गोल नसते तर आपण अजून क्लबच्या त्या जुन्या लाकडी खोपटातच बसलो असतो, असं बायर्नचा कर्णधार बेकेनबाउर म्हणायचा. मात्र त्याच्यासारखं खेळायला कुणी शिकलं नाही. त्याच्या जातीचा खेळाडू अधूनमधून जन्माला येतो, तयार करता येत नाही, असंच युरोपनेही धरून चालवलं. इटलीचा इंझागी त्या जातीतला. २००७ च्या चॅम्पियन्स लीग फायनलमधला त्याचा पहिला गोल बघा, पिर्लोची फ्री किक त्याच्या अंगाला लागून आत गेली. लोक हसले. पण त्या ठिकाणी अंग घेऊन कोण गेलं होतं?

म्युलरचं पुढचं आयुष्य सोपं नव्हतं. निवृत्तीनंतर दारूने त्याला पोखरलं. जुन्या सहकाऱ्यांनी आणि क्लबने बाहेर काढलं, बायर्नच्या दुसऱ्या संघाला शिकवण्याचं काम दिलं. तिथे त्याच्या हाताखालून गेलेला एक मुलगा थॉमस म्युलर. आडनाव सारखं, नातं नाही, पण रिकामी जागा हुंगण्याची खोड तीच.

व्हॅन बास्टेनकडे आलं की माझं लिहिणं लांबतं, कारण शिकवायला याच्याइतका चांगला नमुना नाही. उंच, दोन्ही पाय चालणारा, हेडर उत्तम, पाठ गोलकडे करून चेंडू राखणारा आणि गरज पडली तर दहा नंबरसारखा, म्हणजे खेळ रचणाऱ्या खेळाडूसारखा पास देणारा. १९८२ मध्ये अयाक्सकडून तो पहिल्यांदा मैदानात उतरला तो क्रायफच्या जागी बदली म्हणून. १९८५-८६ मध्ये डच लीगमध्ये ३७ गोल. मग इटलीतला मिलान क्लब.

सगळ्यांना त्याचा १९८८ च्या युरोपियन फायनलमधला व्हॉली आठवतो. म्यूरेनचा डावीकडून उंच, लांब क्रॉस, उजवीकडे जवळजवळ गोललाइनच्या कोनातून पहिल्याच टचला फटका आणि दासायेवच्या डोक्यावरून चेंडू जाळ्यात. बाकावर हॉलंडचे प्रशिक्षक रिनस मिखेल्स यांनी चेहरा हातांत घेतला. अप्रतिम गोल, वादच नाही. पण पोरांनी तो शिकायच्या भानगडीत पडू नये. थकलो होतो, दोघातिघांशी झुंजण्यापेक्षा मारून बघितला, अशा अर्थाचं तो स्वतःच नंतर बोलला आहे.

शिकायचा तर त्याच्या चार दिवस आधीचा, हॅम्बुर्गमधल्या सेमीफायनलचा गोल. पश्चिम जर्मनी, १-१, सामना संपायला मिनिट-दोन मिनिटं बाकी. अंगावर युर्गेन कोलर. कोलर म्हणजे त्या काळातला सगळ्यात चिवट मार्कर, सावलीसारखा चिकटायचा. वाउटर्सने मधून पास सोडला. व्हॅन बास्टेनला माहीत होतं की सरळ शर्यतीत कोलर सुटणार नाही. म्हणून त्याने चेंडूकडे जाणारी वाट अशी घेतली की कोलरच्या आणि चेंडूच्या मध्ये आपलं शरीर यावं, आणि शेवटच्या क्षणी घसरत पाय लांब टाकला. कोलरही घसरला, पण त्याला वळसा पडला होता. चेंडू किपर इमेलला चकवून लांबच्या कोपऱ्यात. वेगाच्या जोरावर हा गोल होत नाही. पास निघायच्या आधी आपण कुठल्या खांद्यावर उभे आहोत, त्यावर होतो.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. त्या स्पर्धेचा पहिला सामना त्याने बाकावरून सुरू केला होता. हंगामभर घोट्याने छळलं होतं, मिलानकडून मोजकेच सामने झाले होते. दुसऱ्या सामन्यात इंग्लंडविरुद्ध तीन गोल केले, त्यात पहिल्या गोलला टोनी ॲडम्सला असा वळवला की ॲडम्स जमिनीवर. १९८८, ८९ आणि ९२ असे तीनदा बलोन डोर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार. १९८९ च्या युरोपियन कप फायनलमध्ये स्तेआउआ बुखारेस्टविरुद्ध चारपैकी दोन गोल. १९९० च्या विश्वचषकात मात्र एकही गोल नाही, आणि १९९२ च्या युरोपियन सेमीफायनलमध्ये डेन्मार्कविरुद्ध शूटआउटमध्ये पेनल्टी हुकली. काकांच्या खोलीत फोटो असेल तर या दोन नोंदीही खाली असाव्यात.

मग घोटा. मे १९९३ ची मार्सेविरुद्धची चॅम्पियन्स लीग फायनल हा त्याचा शेवटचा सामना. तेव्हा वय २८. दोन वर्षं उपचार आणि शस्त्रक्रिया करून १९९५ मध्ये त्याने थांबल्याचं जाहीर केलं.

इथे नियमांचं बोलल्याशिवाय तुलना न्यायाची होत नाही. मागून केलेल्या धोकादायक टॅकलला थेट लाल कार्ड, हा दंडक १९९८ च्या विश्वचषकाच्या तोंडावर आला. त्याआधी पहिला टॅकल ‘ओळखपाळख’ म्हणून माफ असायचा, हे आमच्या पिढीच्या कुठल्याही स्ट्रायकरला विचारा, नडगी दाखवून सांगेल. ऑफसाइडमध्ये बचावपटूच्या रेषेत असलेला खेळाडू ऑनसाइड धरायला १९९० मध्ये सुरुवात झाली. म्युलर आणि तरुण व्हॅन बास्टेन हे दोघेही त्याआधी अर्ध्या पावलाने मागे राहून गोल करत होते. बॅकने पायाने दिलेला पास किपरने हातात घ्यायचा नाही हा नियम १९९२ चा. स्ट्रायकरच्या धावण्याला, दडपण आणण्याला तेव्हापासून मोल आलं. ऑन्रीच्या पिढीला या सगळ्याचा फायदा मिळाला. त्यात त्याचा दोष नाही, पण आकडे शेजारी शेजारी मांडताना हे लक्षात ठेवा. गमतीचा भाग असा की व्हॅन बास्टेन पुढे फिफामध्ये तांत्रिक विकासाच्या पदावर गेला आणि २०१७ मध्ये त्याने ऑफसाइडचा नियमच काढून टाकायची कल्पना मांडली. स्ट्रायकर शेवटपर्यंत स्ट्रायकरच.

आता रोनाल्डो. वडिलांची बाजू मला सगळ्यात जास्त समजते. १९९६-९७ चा बार्सिलोनाचा एक हंगाम, ४९ सामन्यांत ४७ गोल, वय वीस. पण आकडा विसरा. ऑक्टोबर १९९६ मधला कॉम्पोस्तेलाविरुद्धचा गोल काढा. मध्यरेषेपाशी एक जण त्याचा शर्ट धरून ओढतोय, रोनाल्डो ओढत ओढत निघतो, सुटतो, आणि मग अर्धं मैदान पळत जाऊन मारतो. बाकावर प्रशिक्षक बॉबी रॉबसनने दोन्ही हात डोक्याला लावले. मला त्या गोलमध्ये रस आहे तो मधल्या बचावपटूंच्या पायांत. ते पुढे येत नाहीत. मागे मागे पळतात, कारण अंगावर गेलो तर हा एका टचमध्ये निघून जाईल हे त्यांना माहीत आहे. आणि मागे पळणाऱ्या बचावपटूची पावलं आपोआप त्याच्या मनासारखी पडतात.

त्याआधीचे स्ट्रायकर वेगवान होते, ताकदवान होते, कसबी होते. हे तिन्ही एकाच अंगात, आणि पूर्ण वेगात असताना चेंडूवर ताबा, हे त्याच्याआधी मधल्या स्ट्रायकरच्या जागेवर मी तरी पाहिलं नव्हतं. मे १९९८, पॅरिस, यूएफा कपची फायनल, इंटर विरुद्ध लाझिओ. तिसरा गोल. किपर मार्केजानी पुढे आलेला. रोनाल्डोने चेंडूला हात, म्हणजे पाय, न लावता नुसतं अंग आणि पाय असे हलवले की किपर बसला आणि तो बाजूने निघून गेला. इतर स्ट्रायकर किपर बाहेर आला की घाई करतात. हा उलट त्याची वाट बघायचा.

नोव्हेंबर १९९९ मध्ये लेच्चेविरुद्ध गुडघा गेला. एप्रिल २००० मध्ये परतला आणि लाझिओविरुद्ध कप फायनलमध्ये सहा-सात मिनिटांत तोच गुडघा पुन्हा. ज्यांनी ते थेट पाहिलं त्यांना ती किंकाळी आठवत असेल. दोन वर्षं गेली. त्यानंतर २००२ चा विश्वचषक, ८ गोल, फायनलमध्ये दोन्ही त्याचेच.

आणि इथे माझा आवडता मुद्दा. २००२ चा रोनाल्डो हा १९९७ चा रोनाल्डो नव्हताच. तो अर्धं मैदान पळत नव्हता. तुर्कस्तानविरुद्धच्या सेमीफायनलमधला गोल बघा: चार जण भोवती, पाय मागे घ्यायला जागा नाही, त्याने बुटाच्या टोकाने चेंडू ढकलला. आम्ही पोरांना टोकाने मारू नको म्हणून ओरडतो, आणि बरोबरच ओरडतो. पण टोकाच्या फटक्याला पाय मागे घ्यावा लागत नाही, त्यामुळे किपरला अंदाजच येत नाही. ब्राझीलची पोरं बंदिस्त छोट्या मैदानावर वाढतात, तिथली ही कला. रोमारिओही तेच करायचा. फायनलमधला पहिला गोल: आधी याच्या पायातून चेंडू गेला होता, त्याने जर्मनीच्या हामानकडून तो परत हिसकावला, रिव्हाल्डोला दिला आणि फटका बसायच्या आतच गोलकडे निघाला. किपर ओलिव्हर कानच्या हातून चेंडू सुटला तेव्हा तिथे तोच होता. हा गोल म्युलरचा आहे. गुडघ्यांनी वेग काढून घेतल्यावर रोनाल्डो मागे वळून म्युलरच्या शाळेत गेला आणि तिथेही पहिला आला. एप्रिल २००३ मध्ये माद्रिदकडून मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर तीन गोल केले तेव्हा समोरच्या प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

म्युलरचा विश्वचषकातला १४ गोलांचा विक्रम २००६ मध्ये घानाविरुद्ध मोडला तो त्यानेच. आणि रोनाल्डोचा १५ गोलांचा विक्रम जर्मनीच्या क्लोझेने २०१४ मध्ये मोडला, तोही बेलो होरिझोंतेमध्ये, ब्राझीलविरुद्ध, ज्या शहरात क्रुझेरोकडून रोनाल्डोने सुरुवात केली होती तिथे. क्लोझे कुणाच्या जातीचा, हे सांगायला नको.

उण्या बाजूला काय? चॅम्पियन्स लीग नाही. माद्रिदनंतर वजन वाढलं, शिस्तीची बोंब झाली, थायरॉइडचा त्रासही निघाला. बचावात मदत जवळजवळ शून्य. आजचा प्रशिक्षक त्याला बाकावर बसवेल का, असं विचारणारे भेटतात. बसवणार नाही. त्याच्याभोवती संघ बदलेल.

ऑन्रीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण मुलाने त्याचे व्हिडिओ पाठ केलेले असणार. मोनॅकोत आणि युव्हेंटसमध्ये तो विंगवर होता. १९९९ मध्ये आर्सेनलला गेला, तिथले प्रशिक्षक व्हेंगर यांनी त्याला मध्ये आणलं आणि सुरुवातीचे बरेच सामने गोल नाही. नंतर २२८. त्याची चाल ठरलेली होती: डावीकडे सरकायचं, राइट बॅक आणि उजव्या स्टॉपरच्या मधल्या फटीत चेंडू घ्यायचा, आत यायचं, उजव्या पायाचा तळवा उघडायचा आणि लांबच्या कोपऱ्यात वळवून ठेवायचा. सगळ्यांना माहीत होतं, तरी थांबवता येत नव्हतं. राइट बॅकने त्याला धरावं तर तो स्टॉपरच्या हद्दीत, स्टॉपरने बाहेर यावं तर मध्ये मोकळं मैदान. ‘हा माणूस कुणाचा?’ या भांडणातच त्याचा गोल व्हायचा. २००२-०३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये २४ गोल आणि २० असिस्ट. स्ट्रायकरने स्वतःचे गोल कमी न करता वीस गोल दुसऱ्यांना करून द्यावेत, हे त्याच्याआधी कुणाच्या डोक्यात नव्हतं. २००९ मध्ये आयर्लंडविरुद्ध हाताने चेंडू थांबवला तो डाग आहे, राहील. आयर्लंडचा माणूस भेटला तर त्याला ऑन्रीचं कौतुक सांगायला जाऊ नका.

पण त्याच वर्षी, २ मे २००९ ला, रेआल माद्रिदच्या बेर्नाबेउ मैदानावर जे घडलं ते या सगळ्या चर्चेला महत्त्वाचं आहे. बार्सिलोनाने रेआल माद्रिदला ६-२ ने हरवलं. बार्सिलोनाचा प्रशिक्षक गार्डिओलाने मेस्सीला विंगवरून काढून मध्ये आणलं, पण पुढे न ठेवता मागे उतरवलं. मेत्सेल्डर आणि कान्नावारो या दोन स्टॉपरना धरायला माणूसच उरला नाही. मेस्सीच्या मागे जावं तर पाठीमागे रिकामं, थांबावं तर मेस्सी मोकळा. ऑन्री त्या दिवशी डाव्या विंगवर होता आणि त्याने दोन गोल केले. म्हणजे ज्याने मधल्या स्ट्रायकरची जागा डावीकडे ओढली, तोच ती जागा रिकामी झाल्यावर डावीकडे उभा होता. आणि हे नवीन नव्हतं. २५ नोव्हेंबर १९५३ ला वेम्बलीवर हंगेरीच्या हिदेगकुटीने हेच केलं होतं. नऊ नंबर घालून तो मागे उतरला, इंग्लंडचा सेंटर हाफ हॅरी जॉन्स्टन मध्येच लटकला, हिदेगकुटीचे तीन गोल, हंगेरी ६-३. छप्पन्न वर्षांनी तोच गोंधळ, वेगळ्या जर्सीत.

मग काही वर्षं लोक म्हणत होते की अस्सल स्ट्रायकर संपला. त्याच गार्डिओलाने मँचेस्टर सिटीत हालांड आणला आणि २०२२-२३ मध्ये त्याने प्रीमियर लीगचे ३६ गोल केले. चेंडूला फार कमी वेळा पाय लागतो म्हणून त्याच्यावर टीका होते. म्युलरवरची टीका आठवते का? आणि म्युलरचा ४० गोलांचा विक्रम जवळजवळ पन्नास वर्षं टिकला. मे २०२१ मध्ये बायर्नच्याच लेवांडोव्स्कीने त्याची बरोबरी केली तेव्हा जर्सीखालच्या शर्टवर म्युलरचा चेहरा होता. शेवटच्या सामन्याच्या अगदी शेवटच्या मिनिटाला ४१ वा गोल, किपरच्या हातून सुटलेल्या चेंडूवर. त्याच ऑगस्टमध्ये म्युलर गेला.

तर निकाल. एका सामन्यासाठी, एका रात्रीसाठी मला चौघांतला एक निवडायला सांगितला तर मी १९९७ चा रोनाल्डो घेईन आणि दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही. स्ट्रायकर म्हणून मिळालेली देणगी पाहिली तर त्याच्यावर कुणी नाही. पण ‘अव्वल स्ट्रायकर’ असा प्रश्न असेल, म्हणजे त्या जागेचं जे एक काम आहे ते कुणी सगळ्यात चांगलं केलं, तर माझं उत्तर म्युलर. आकड्यांमुळे नाही म्हणत. बाकी तिघांच्या अंगात असं काहीतरी होतं जे दिसल्यावर समोरचा सावध व्हायचा. म्युलरकडे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं, सगळ्यांना तो कोण हे माहीत होतं, आणि तरी दशकभर, अगदी विश्वचषकाच्या फायनलमध्येही, तो गोलसमोर मोकळा सापडत राहिला. आणि रोनाल्डोचं शरीर थकल्यावर त्याला जे करावं लागलं, ते म्युलर पहिल्या दिवसापासून करत होता. काकांना राग येईल, पण व्हॅन बास्टेन माझ्या यादीत तिसरा आहे, तोही घोट्यामुळे. घोटा धड असता तर हे उत्तर मी लिहिलंच नसतं.

आता मुलाचं. त्याने रोनाल्डो बघावा, आनंदासाठी. कॉपी करायला जाऊ नये, गुडघे एकदाच मिळतात. ऑन्रीचा तळवा उघडून मारलेला फटका जरूर घोटावा, पण आधी स्वतःला विचारावं की आपल्याकडे डावीकडे तेवढी जागा काढायचा वेग आहे का. नसेल तर तो नाद सोडावा. आपल्याकडच्या मैदानांवर, विशेषतः उन्हाळ्यात, चेंडू उडतो, टच बिघडतो, पास हवा तिथे येत नाही. म्हणजे १९७४ च्या फायनलमध्ये म्युलरच्या मागे पडला तसा चेंडू आपल्या पोरांना सामन्यात दहादा येतो. आणि सराव कसला चालतो? रांगेत उभं राहून, प्रशिक्षकाने अलगद ढकललेल्या चेंडूवर फटके. असा चेंडू सामन्यात कधी येत नाही.

त्याऐवजी घरच्याघरी हे करा. मुलाला गोलपासून आठ-दहा पावलांवर, पाठ तुमच्याकडे करून उभं करा. मध्ये काका उभे राहू देत, अंगाला अंग लावून. तुम्ही चेंडू वाईट टाका: मागे, गुडघ्यावर, उसळता. चेंडू टाकल्यावर हाक मारा, त्याने तेव्हाच वळायचं आणि दोन टचच्या आत मारायचं. पहिल्या आठवड्यात सगळे फटके बाहेर जातील. त्याच्या पायाकडे बघू नका, कंबर खाली येते का ते बघा.

दुसरं, १९७० चे जर्मनीचे सामने पूर्ण लांबीचे मिळतात का ते शोधा. मिळाले तर मुलाला सांगा, चेंडूकडे बघायचंच नाही, फक्त १३ नंबरकडे बघायचं. म्युलर देशाकडून १३ नंबर घालायचा. क्रॉस यायच्या आधी तो किती वेळा मान वळवतो, स्टॉपरच्या कुठल्या बाजूला जातो, कधी थांबतो, ते वहीत लिहायला लावा. सोळाव्या वर्षी पोरांना हे कंटाळवाणं वाटतं. इटलीविरुद्धच्या सेमीफायनलपासून सुरू करा, जादा वेळेत पाच गोल झालेत, झोप लागणार नाही.